पाटे वाढवले, टायर मोठे टाकले, तरी गाडी फसतेच! : पिकअप, काळी माती आणि थोडं गणित



मागच्या लेखात मी लिहिलं होतं की काळी माती ओली झाली की तिची ताकद का घटते. माझ्या पीएचडीचा विषयच तो. लेख वाचून सगळ्यात पहिला फोन आला तो माझ्या मामाचा. मामाचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. घरी कापूस, तूर, हरभरा आणि दारात एक जुनी पिकअप. मामा म्हणाला, "बाई, तू मातीवर एवढं लिहून रायली, मंग मले एक सांग. मागचे पाटे वाढवू का टायर मोठे टाकू? का दोन्ही करू?"

मी विचारलं, "पण मामा, गाडीला झालं काय?"

"अवं, पांदणीत फसते ना! अन् कापूस भरला का मागून बसते. मिस्तरी म्हणते दोन पाटे एक्स्ट्रा टाकून देतो, टायर एक नंबर मोठे टाकतो, गाडी कुठंच अडकत नाही."

मी हसण्यावारी नेणार होते. मग आठवलं, याच पिकअपच्या मागे वेचाईच्या बाया बसून शेतात जातात आणि त्यात माझी मामीही असते. म्हणजे प्रश्न गाडी फसण्यापुरता नव्हता. म्हणून एक रविवार वही-पेन घेऊन बसले आणि जमेल तेवढा हिशेब केला. तोच तुमच्यासमोर मांडते. गणित दहावीपर्यंतचंच आहे, घाबरू नका.

आधी हे समजून घेऊ: रिकामी पिकअप मागून उंच का असते?

शोरूममधली कोरी पिकअप बाजूने बघा. तिचं नाक थोडं खाली आणि शेपूट वर दिसेल. ही चूक नाही, मुद्दाम ठेवलेलं असतं. माल मागे येणार, मागची बाजू दबणार आणि तेव्हा गाडी सपाट होणार, असा कंपनीचा हिशेब असतो.

अमेरिकेत पिकअप अनेकांची रोजची घरची गाडी आहे, मागे माल क्वचितच असतो. त्यांना ते खाली झुकलेलं नाक आवडत नाही. म्हणून तिकडे पुढची बाजू इंच-दोन इंच उचलून गाडी एका लेव्हलमध्ये आणतात आणि त्या वाढलेल्या जागेत मोठे टायर बसवतात. इकडेही हायलक्स किंवा डी-मॅक्ससारख्या गाड्यांचे हौशी मालक हे करताना दिसतात.

आपल्या वऱ्हाडात प्रश्न उलटा आहे. आपली पिकअप बहुतेक वेळ भरलेली असते आणि बरेचदा कागदावरच्या वजनापेक्षा जास्त भरलेली असते. त्यामुळे नाक वर आणि मागून बसलेली. लेव्हल करायची म्हणजे आपल्याकडे मागची बाजू उचलायची. त्यासाठी रस्त्याच्या कडेला 'कमानपाटे' अशी पाटी लावलेली दुकानं असतातच.

पाटा वाढवला की नेमकं काय होतं?

कमानपाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. वरची सगळ्यात लांब, खाली येता येता आखूड. मधे सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टने त्या अॅक्सलला आवळलेल्या. वजन आलं की कमान सरळ होते, वजन गेलं की परत वाकते.

याचा ताठरपणा दोन गोष्टींवर ठरतो: पाटे किती आणि पाटा जाड किती. संख्या वाढली की ताठरपणा त्याच प्रमाणात वाढतो. सहाचे सात पाटे केले तर साधारण १७ टक्के. जाडीचं मात्र वेगळं आहे. ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा टाकला तर तो एकच पाटा जवळजवळ दुप्पट ताठर होतो. मिस्तरीच्या दुकानात 'थोडा जाड पाटा टाकून देऊ' हे वाक्य ऐकलं तर हा घन आठवा.

आता एक सोपं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. समजा दोन्ही बाजूंचे मिळून मागचे पाटे १ मिलिमीटर दाबायला २० किलो लागतात. मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं वजन ४०० किलो आणि मालाचं १००० किलो.

रिकामी असताना पाटे दबले २० मिलिमीटर. भरल्यावर ७० मिलिमीटर. म्हणजे मालामुळे गाडी बसली ५० मिलिमीटर.

एक पाटा वाढवून सहाचे सात केले. आता मालामुळे गाडी बसेल ४३ मिलिमीटर. फायदा किती? ७ मिलिमीटर. करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी!

मग पाटा वाढवून आणलेली गाडी एवढी उंच कशी दिसते? कारण मिस्तरी नुसता पाटा वाढवत नाही, पाट्यांची कमानही वाढवतो. उंची कमानीतून येते. पण नुसत्या कमानीने ताठरपणा वाढत नाही. गाडी उंच जागेवरून तेवढीच बसते आणि ठोकून वाकवलेला पाटा नीट पाणी दिलेला नसेल तर काही महिन्यांत परत सपाट होतो. पैसे गेले, कमानही गेली.

मागे बसणाऱ्या माणसांचं काय?

हे मी मामाला सांगितलं तेव्हा मामी जवळच बसली होती आणि तिने मान डोलावली. गाडी रिकामी असताना पाटे जितके कमी दबलेले, तितकी गाडी जोरजोरात उडते. वरच्या उदाहरणात भरलेली गाडी सेकंदाला साधारण १.९ वेळा वरखाली होते, तर रिकामी ३.५ वेळा. एक पाटा वाढवला की रिकामी गाडी ३.८ वर जाते. जाड पाटा टाकला तर आणखी वर.

बसलेल्या माणसाचं शरीर, विशेषतः पाठीचा कणा, सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त दाद देतं. म्हणजे पाटे वाढवून आपण गाडीला नेमकं त्या पट्ट्याकडे ढकलतो. सकाळी वेचाईला जाताना गाडी रिकामीच असते, त्यात फक्त बाया असतात. दिवसभर वाकून कापूस वेचायचा आणि जाताना-येताना कण्याला हे हादरे. मामी म्हणाली, "म्हणूनच मी म्हणतो का कापसावर बसून आलेलं बरं." पण कापसावर बसणं का बरं नाही, ते पुढे येतंच आहे.

टायर मोठा केला की काय बदलतं?

टायरच्या बाजूला एक नंबर असतो. मामाच्या गाडीवर आहे २१५/७५ आर १५. म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंच. मिस्तरी म्हणत होता २३५/७५ आर १५ टाकू. हिशेब करा:

पहिल्या टायरचा व्यास: सुमारे ७०३ मिलिमीटर.
दुसऱ्याचा: सुमारे ७३३ मिलिमीटर.

व्यास वाढला ३० मिलिमीटर, पण जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या अर्ध्याने. १५ मिलिमीटर. दीड सेंटीमीटर.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला स्वतःलाही गाडीखाली वाकून बघेपर्यंत कळली नव्हती. पिकअपच्या मागच्या अॅक्सलच्या मधोमध डिफरन्शिअलचा लोखंडी गोळा असतो. पांदणीतल्या दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा घासतो तो यालाच. हा गोळा पाट्यांच्या खाली, अॅक्सलवरच आहे. तुम्ही चार पाटे वाढवा नाहीतर दहा, बॉडी वर जाते, गोळा जागचा हलत नाही. गोळा वर उचलतो फक्त टायर, तोही आपल्या उदाहरणात दीड सेंटीमीटर. म्हणजे 'पाटे वाढवले की गाडी घासत नाही' हे मागच्या अॅक्सलपुरतं साफ खोटं आहे.

आणि या दीड सेंटीमीटरची किंमत काय?

एक: टायरचा घेर ४ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. मीटर जुन्याच टायरच्या हिशेबाने चालतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२.६ वर असते. ८० दाखवतो तेव्हा ८३ च्या पुढे.

दोन: चाक मोठं झालं म्हणजे तरफेचा हात लांब झाला. इंजिनची ओढ रस्त्यावर ४ टक्के कमी पोहोचते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला भरलेली गाडी चढवणाऱ्यांना हे लगेच जाणवेल. एक गिअर खाली टाकावा लागतो.

तीन: ब्रेकचंही तसंच. पाय तेवढाच दाबला तर रस्त्यावर मिळणारा ब्रेक ४ टक्के कमी. वर गाडी काट्यापेक्षा जोरात. वेगाचा वर्ग होतो हे विसरू नका. दोन्ही एकत्र धरले तर काट्यावरच्या त्याच ६० ला, पायाच्या त्याच दाबाने, गाडी थांबायला साधारण १३ टक्के जास्त अंतर घेते. ३० मीटरच्या जागी ३४. हे जास्तीचे ४ मीटर म्हणजे रस्ता ओलांडणारी एक बैलगाडी.

चार: मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर, असं नसतं. टायरच्या नंबरापुढे आणखी एक आकडा असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० असेल तर तो टायर ८०० किलो पेलतो, १०५ असेल तर ९२५, ११२ असेल तर ११२०. एसयूव्हीसाठी बनवलेला रुंद, देखणा टायर पिकअपच्या साध्या टायरपेक्षा कमी वजनाचा असू शकतो. टायर घेताना रुंदीआधी हा आकडा बघा.

ब्रेकचा तो छोटा दांडा

आता जे सांगते ते मिस्तरीने सांगितलं नव्हतं आणि मामालाही माहीत नव्हतं.

अनेक पिकअप आणि छोट्या मालगाड्यांमध्ये मागच्या अॅक्सलपासून चेसीपर्यंत एक बारीक दांडा किंवा स्प्रिंग गेलेली दिसते. तिच्या टोकाला एक व्हॉल्व असतो. काम साधं आहे. गाडी रिकामी असताना मागच्या चाकांवर वजन कमी असतं. तेव्हा पूर्ण ब्रेक दिला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल, म्हणून व्हॉल्व मागचा ब्रेक कमी करतो. गाडी भरली की चेसी खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो.

म्हणजे गाडी भरलेली आहे की रिकामी, हे त्या व्हॉल्वला वजनावरून कळत नाही. ते त्याला कळतं मागची बाजू किती बसली यावरून.

आता पाटे वाढवा. कमान वाढवा. गाडीत दीड टन कापूस आहे, पण मागची बाजू बसलेलीच नाही. व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमीच ठेवतो. नेमकी जेव्हा सगळ्यात जास्त ब्रेकची गरज आहे, तेव्हा गाडी अर्ध्या ब्रेकवर उतारावरून येते. उंची बदलली तर हा व्हॉल्व परत सेट करावा लागतो आणि ते कंपनीच्या मापानुसारच.

मी हे सांगितल्यावर मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे गाडी बसते ते आपल्यासाठीच चांगलं आहे म्हणतं तू."

हो. ठरलेल्या वजनाला ठरलेली बसली तर चांगलंच. त्यापेक्षा जास्त बसत असेल तर एक तर पाटा तुटलाय, नाहीतर वजन जास्त आहे.

आणि उलटण्याचं?

गाडी वळणावर उलटायला किती जोर लागतो हे दोन मापांवर ठरतं: दोन चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. समजा चाकांमधलं अंतर १.४५ मीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य १.३ मीटरवर. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी कागदावर साधारण ४६ किलोमीटर वेगाला उलटू लागते. पाटे आणि टायर मिळून ६ सेंटीमीटर वाढवले तर ४५. फरक छोटा वाटतो.

पण कापूस हलका असतो, म्हणून आपण तो उंच रचतो. फळ्या लावून, जाळी बांधून, केबिनच्या वर. त्यावर चार-पाच बाया. गुरुत्वमध्य १.६ मीटरवर गेला की तोच आकडा ४२ च्या खाली येतो. प्रत्यक्षात टायर दबतात, पाटे एका बाजूला झुकतात, माल सरकतो. म्हणून खरा आकडा यापेक्षा बराच कमी असतो. उंच गाडी, उंच माल आणि वर माणसं, असं एकावर एक चढत जातं. मामीच्या 'कापसावर बसून आलेलं बरं'चं उत्तर हे आहे.

पण मग पांदणीत फसते त्याचं काय?

आता माझ्या विषयाकडे येते. काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात आपल्या वावरात हात जाईल अशा भेगा पडतात. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या भागात, मातीच्या कणांना सोडियम जास्त चिकटलेलं असतं. त्यामुळे पाणी लागलं की कण एकमेकांना सोडून देतात, पाणी खाली झिरपत नाही आणि वरचा थर लोण्यासारखा होतो.

मातीची ताकद मोजायला आम्ही चार पात्यांचं एक यंत्र जमिनीत खुपसतो आणि फिरवतो. माती कापली जायला जेवढा जोर लागला तेवढी तिची ताकद. ओल्या पांदणीसाठी उदाहरण म्हणून ०.२ किलो प्रति चौरस सेंटीमीटर धरू. मऊ चिकणमातीसाठी हा आकडा वाजवी आहे. अशी माती वरून किती भार पेलते? साधारण तिच्या ताकदीच्या पाचपट. म्हणजे १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर.

माणूस चालताना एका पावलावर साधारण ०.४ पडतो. म्हणून आपण चपला हातात घेऊन का होईना, पांदणीतून जातो.

पिकअपच्या टायरमध्ये ५० पीएसआय हवा असेल तर तो जमिनीवर साधारण ३.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब देतो. टायरचा जमिनीवरचा दाब हा ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. माती पेलणार १, गाडी देणार ३.५. गाडी रुतणारच! आणि इथे टायर २१५ चा की २३५ चा याने फारसा फरक पडत नाही. हवा तेवढीच ठेवली तर दाबही तेवढाच.

ट्रॅक्टर मात्र जातो. का? त्याच्या मागच्या मोठ्या टायरमध्ये हवा असते १२ ते १६ पीएसआय. म्हणजे साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. मातीला पेलवेल तेवढीच! शिवाय त्याच्या टायरचे उभे दात फिरताना चिखल फेकून देतात. पिकअपच्या टायरच्या बारीक नक्षीत काळी माती एकदा भरली की तो टायर गोटा होतो.

ओढीचाही हिशेब बघा. पाण्याने भरलेल्या चिकणमातीत घर्षण वजनावर अवलंबून राहत नाही, फक्त मातीच्या ताकदीवर आणि टेकलेल्या जागेवर राहतं. 'मागे दोन माणसं उभी करा, वजन पडलं का गाडी निघते' हा उपाय म्हणूनच इथे चालत नाही. रुतलेल्या दोन मागच्या चाकांची टेकलेली जागा मिळून ६०० चौरस सेंटीमीटर धरली तर ओढ मिळते ६०० गुणिले ०.२, म्हणजे १२० किलो. टायर रुंद केला तर १३० पर्यंत. आणि चिखलातून अडीच टनाची गाडी हलवायला? वजनाच्या १५ टक्के धरले तरी ३७५ किलो. डांबरी रस्त्यावर तीच गाडी ४० किलोच्या आत हलते.

१३० विरुद्ध ३७५. हे अंतर पाट्यांनी भरून निघत नाही आणि टायरनेही नाही. काही जण हवा कमी करून पांदण पार करतात. रिकाम्या गाडीला, अगदी हळू आणि रस्त्यावर आल्याबरोबर हवा परत भरून, याचा थोडा उपयोग होतो. पण कमी हवेत भरलेली गाडी डांबरी रस्त्यावर पळवली तर टायरची बाजू तापते आणि फुटते. हा जुगार खेळू नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हेच स्पष्ट केलं. २०१९ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वजन जास्त भरलं तर कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. आणि मालगाडीत मजुरीला नेलेल्या बायांना अपघात झाला तर विमा मिळेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

मग मामाने काय केलं?

गाडी दुसऱ्या एका जुन्या मिस्तरीकडे नेली. त्याने पाटे उघडले तर डाव्या बाजूचा तिसरा पाटा सेंटर बोल्टजवळ तुटलेला निघाला. गाडी बसत होती ती त्यामुळे. दोन्ही बाजूंचे पाटे कंपनीच्या मापाचे टाकले, बुश आणि यू-बोल्ट नवे टाकले, शॉकअप बदलले, ब्रेकच्या व्हॉल्वचं माप तपासून घेतलं. टायर त्याच नंबरचे, पण योग्य लोड इंडेक्सचे घेतले. जुने पाटे मामाने भंगारात न देता घरी आणले. गावचा लोहार त्याचे विळे करून देणार आहे. पाट्याचं पोलाद विळ्याला उत्तम!

पण हे सगळं फुकट झालेलं नाही. आता पाऊस पडून गेला की मामा दोन-तीन दिवस पांदण वाळायची वाट बघतो, कारण माती वाळताना तिची ताकद भराभर वाढते. तेवढे दिवस फुटलेली बोंडं झाडावर राहतात, पुन्हा पाऊस आला तर कापूस भिजतो आणि भाव पडतो. घाई असेल तर शेजारच्यांचा ट्रॅक्टर सांगून अर्धी-अर्धी ट्रॉली डांबरी रस्त्यापर्यंत आणायची आणि तिथे पिकअपमध्ये भरायची. दोनदा चढ-उतार, दुप्पट हमाली. बाया पांदणीतून पायी जातात आणि रस्त्यावरून जायला ऑटो सांगितला आहे. त्याचेही पैसे. मामाने हिशेब करून मला दाखवला, "हे बघ, तुयं गणित मले इतक्याले पडलं."

माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. कारण खरं उत्तर गाडीत नाहीच, रस्त्यात आहे. जून २०२२ मध्ये आपल्याच अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्यावरून मी दर पंधरवड्याला जाते, रस्ता खरंच छान आहे. त्याच्याच आसपासच्या गावांत दीड-दोन किलोमीटरच्या पांदणीत मात्र गाड्या रुततात. शेत-पांदण रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री योजना आणली आहे. काळ्या मातीवर टिकणारी पांदण करायची तर नुसता मुरूम लोटून भागत नाही. आधी दोन्ही बाजूंना नाल्या काढून पाणी हटवावं लागतं, मग मऊ थर काढून भरीव थर दाबून बसवावा लागतो. नाहीतर पहिल्याच पावसात मुरूम मातीच्या पोटात जातो. तुमच्या गावात पांदणीचं काम निघालं तर पहिला प्रश्न हा विचारा: पाणी कुठून जाणार?

आणि तोपर्यंत मिस्तरी 'दोन पाटे एक्स्ट्रा टाकून देतो' म्हणाला तर त्याला आधी जुने पाटे उघडून दाखवायला सांगा.

पुढच्या लेखात: मुरूम, चुना आणि काळी माती एकत्र केली की काय होतं आणि चुना घातल्यावर माती फुगायची का थांबते. भेटू!